वाढत्या मापाचा खोडा

दसरा होऊन चार-पाच दिवस झाले की आमच्या तळवलीत खाडीकडचा वारा पडतो. गोठ्याच्या खांबाला मी एक तापमापक लावला आहे. दुपारी एक वाजता तो पस्तीस दाखवतो, आणि पत्र्याजवळ धरला तर अडतीस. पावसाळाभर ओल धरलेल्या भिंती या दिवसांत सुकतात, शेणाला तासाभरात खपली धरते, आणि पेंडीच्या पोत्यांचा वास अंगणात जड होऊन बसतो. लोक याला ऑक्टोबर हीट म्हणतात. आमच्या घरात हे टोचणीचे दिवस, कारण याच सुमारास जनावरांच्या दवाखान्यातून फोनवर निरोप येतो. यंदाचा असा होता: 'मंगळवारी सकाळी आठ वाजता. लाळ-खुरकूत लस व कानातले बिल्ले. वासरे बांधून तयार ठेवणे.'

शेवटचे चार शब्द मी तीन वेळा वाचले. मग मान वर करून दादाच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो ओट्यावर बसून चहा पीत होता. हात ठीक होता. कोपरापासून मनगटापर्यंत नुसती कातडी, पांढरे केस, एक घड्याळ. तरी मी पुन्हा एकदा पाहिलं.

"काय लिवलंय?" दादाने विचारलं.

"मंगळवार."

"मग मंगळवार. तोंड कशाला पाडतोस? टोचनी वासरांना हाय, तुला नाय."

दादा माझा थोरला भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. पासष्ट पूर्ण. मी एका वजनकाट्यावर नोकरी करतो. भरलेले ट्रक येतात, मी आकडा वाचतो, पावती फाडतो. आमची भातशेती केव्हाच गेली. तिच्या जागी सोळा मजल्यांची सोसायटी उभी आहे, आणि तिच्या कंपाउंडच्या भिंतीला टेकून आमचा गोठा उरला आहे: आठ गाई, आणि दरवर्षी कमीजास्त होणारी वासरं. गुरं दादाची आणि वहिनींची. मी रविवारचा माणूस. माझ्या हातात दोर कधी फार टिकला नाही. माझ्याकडे असते एक वही आणि एक फीत. वासराच्या छातीचा घेर मोजला की त्याचं वजन सांगणारी फीत मिळते, ती. दादा तिला 'शिंप्याचा धंदा' म्हणतो.

वासरू धरायची आमची रीत मला लहानपणापासून पाठ आहे. एकाने मान बगलेत घ्यायची, दुसऱ्याने शेपटीच्या बुडाशी धरायचं. अंगाने थोराड असेल तर पायात दोर टाकून आडवं पाडायचं आणि मानेवर गुडघा. शंभर किलोचं वासरू साठ किलोच्या माणसाने धरायचं, हे गणित कधी कोणी मांडून पाहिलं नाही. दोर हाताभोवती गुंडाळू नये हे सगळ्यांना माहीत असतं, आणि वासराने ओढ घेतली की सगळे तो गुंडाळतातच. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाच्या पंगतीत आमच्या घराण्यातले चार पुरुष ओळीने बसले होते. जेवता जेवता मी बोटं मोजली. चाळीसांपैकी सरळ निघाली छत्तीस. वाकडं बोट पुढे करून वाढप्याला 'पुरे' म्हणणं ही आमच्यात ऐट समजली जाते.

वासरांचं कोणी मोजलं नाही. पण एक मला आठवतं. बिल्ला मारताना त्याने हिसका दिला आणि कान फाटला. पुढे वर्षभर माणूस दिसला की ते भिंतीला अंग घासत लांब जायचं. त्याला पाडणारे आम्हीच होतो. आम्हाला वाटायचं, वासरू आहे, विसरेल.

दोन वर्षांपूर्वी दादाच्या हृदयात जाळी टाकली. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या. हॉस्पिटलमधून सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, आणि मार लागू द्यायचा नाही, कारण बाहेर जखम दिसली नाही तरी आत रक्त साचत राहतं. घरी आल्यावर वहिनींनी विळी उचलून फळीवर ठेवली. दादा हसला.

"विळी वर ठेवलीस. वासरं कुठं ठेवशील?"

दुसऱ्या दिवशी मी दुधाची किटली घ्यायला गेलो तेव्हा वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "भावोजी, तुमी मापाचे मानूस. काय तरी करा. ह्यांना सांगून ऐकायचं नाय, आन् टोचनी काय टळायची नाय."

म्हणून मी खोडा करायचं ठरवलं. जनावरांच्या दवाखान्यापुढे लोखंडी पाइपांचा अरुंद पिंजरा असतो, जनावर एका बाजूने आत जातं, पुढे दोन दांड्यांमध्ये मान अडकते, आणि बाहेर उभं राहून सुई टोचता येते, तो खोडा. फक्त दवाखान्यातला असतो थोर जनावरांच्या मापाचा. मला वासरांचा हवा होता. दोन रविवार मी मापं घेतली. वासरं सहा, मापं प्रत्येकी पाच: घेर, लांबी, खांद्यापर्यंतची उंची, मानेची जाडी, आणि पोटाशी सगळ्यात रुंद जागी रुंदी. सगळ्यात रुंद वासरू तेरा इंच भरलं. ती टिकली, कपाळावर पांढरा ठिपका असलेली कालवड. वजन शहाण्णव किलो.

तेरा इंच. वहीत अजून आहे तो आकडा, खाली दोन रेघा मारलेला. त्याच्या खाली, माझ्याच अक्षरात, खोड्याची रुंदी: बावीस.

हे नऊ इंच कुठून आले ते मला कोणी विचारलं तर सांगता येतं. आम्हा दोघा भावांना शाळेचा गणवेश वडील नेहमी वाढत्या मापाचा आणायचे. जूनमध्ये शर्टाच्या बाह्या बोटांवर यायच्या, चड्डी सुतळीने कमरेला बांधायची, आणि मास्तर म्हणायचे, आत अजून एक जण मावेल. दोन वर्षांनी तो कुठे बरोबर बसायला लागायचा, तेव्हा दादाच्या अंगावरून उतरून तो माझ्यासाठी ठेवला जायचा. चपला तशाच, छत्री तशीच. अंगाला बरोबर बसणारी वस्तू म्हणजे लवकर वाया जाणारी वस्तू, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं आहे की मी त्याला विचार म्हणतच नाही. वासरं वाढणार. आज तेरा, वर्षाने वीस, मग बावीस. लोखंड दरवर्षी थोडंच करायचं? बावीस.

रबाळ्याच्या बाजूला रफिक नावाचा फॅब्रिकेशनवाला आहे. आमच्या गोठ्याचा पत्रा त्यानेच टाकला. त्याने माझा कागद उलटसुलट करून पाहिला.

"काका, ये जास्ती चौडा होतोय. वासरूच आहे ना आत जाणार?"

"वाढतील ती," मी म्हणालो.

"तुमी बोलाल तसं," असं म्हणून त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि भिंतीवर लिहिलं: बावीस.

गेल्या वर्षीचा टोचणीचा दिवस असाच होता, वारा नसलेला. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम आल्या, सोबत त्यांचा मदतनीस. सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू टॉवेल वाळत घालायला आल्या आणि तिथेच थांबल्या. नवा खोडा निळ्या रंगाचा, उन्हात चमकत होता. पहिली दोन वासरं लहान होती. ती आत गेली आणि आत फिरत राहिली, दांड्यांत मान काही येईना. शेवटी मदतनिसाने बाहेरून हात घालून कशीबशी सुई टोचली. मला तेव्हाच थांबवायला हवं होतं. मी वहीत लिहीत होतो.

तिसरी टिकली. ती आत गेली, पुढच्या दांड्या वाजल्या, आणि ती दचकून वळली. शहाण्णव किलोची कालवड बावीस इंचांत वळू शकते. अंग कमानीसारखं वाकवून ती पूर्ण उलटी झाली, मागच्या तोंडाशी मदतनीस उभा म्हणून उडी मारली, आणि तिचा पुढचा पाय दोन आडव्या पाइपांच्या मधून बाहेर आला. ती ओरडली. वासराचं ते ओरडणं सगळी गुरं एकदम ऐकतात. आठही गाई दावणीला ताठ झाल्या. आणि माझ्या शेजारी उभा असलेला दादा माझ्या शेजारी नव्हता. तो मागच्या बाजूने आत शिरला होता. तिला उचलायला त्याने हात खाली घातला, तिने सगळा भार बाजूला टाकला, आणि तिच्या आणि पाइपाच्या मध्ये दादाचा हात आला.

किती वेळ, तो आकडा माझ्याकडे नाही. एवढी एकच गोष्ट मी मोजलेली नाही.

पाय सुटला, कालवड सुटली. दादा हात झटकत बाहेर आला आणि म्हणाला, "काय नाय झालं." रक्त नव्हतं, हाड मोडलं नव्हतं. दुपारी दोन वाजता कोपराच्या आत जांभळा डाग दिसला, रुपयाच्या नाण्याएवढा. चार वाजता तो तळहाताएवढा होता. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी दाबून पाहिलं, फोटो काढले, आणि बॉलपेनने डागाच्या कडेने कातडीवर रेघ ओढली. "ही रेघ ओलांडून पुढे जातोय का, बघत राहा. बोटं बधिर झाली किंवा हात दगडासारखा लागला, तर तासभरही थांबू नका." गोळ्या बंद करता येणार नव्हत्या, कारण मग जाळी तुंबायचं भय. चालू ठेवल्या तर हाताचं.

घरी ते काम माझ्याकडे आलं. दिवसातून तीन वेळा मी दादासमोर बसायचो, पेन आणि फीत घेऊन. पहिल्या सकाळी डाग रेघेबाहेर सव्वा इंच. दुसऱ्या सकाळी आणखी एक इंच, आणि मधला भाग जांभळ्याचा काळा. काट्यावर मी ट्रकचा आकडा स्थिर व्हायची वाट बघतो. चालकाने पाय हलवला तरी तो थरथरतो, आणि मग एका क्षणी थांबतो. दादाच्या हातावरचा आकडा थांबत नव्हता. माझी रेघ वाकडी यायची, त्यामुळे पुढचं माप चुकेल म्हणून मी पुन्हा घाबरायचो.

"सर्व्हे नंबर टाकतोस काय रं माज्या हातावं?" दादा म्हणायचा. "सातबारा काढ एक."

बघायला येणाऱ्यांना तो एकच सांगायचा. "रफिकनं माप चुकवला. एवडा रुंद कोन करतो काय? अक्कल नाय." शेजारी मान डोलवायचे. वहिनी पण म्हणाल्या, येऊ दे त्याला. मी फीत गुंडाळत बसायचो. वीस किलोंच्या फरकासाठी ट्रक परत काट्यावर घ्यायला लावणारा माणूस मी. नऊ इंच गिळून गप्प होतो. सांगावं तर आत्ता याच्या जिवावर बेतलंय, आत्ता कशाला, असं म्हणायचो. ते खोटं होतं. मला भीती होती की दादा यापुढे माझ्या कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवणार नाही, या रेघेवरसुद्धा.

चौथ्या सकाळी डाग रेघेच्या आत होता. पाव इंच आत. मी दोनदा मोजला. मग पेनाचं टोपण लावलं आणि म्हणालो, "दादा, रफिकने माप चुकवलं नाही. बावीस मीच लिहिलं. तो म्हणाला होता रुंद होतंय."

दादाने हात उलटा करून दुसरी बाजू पाहिली. "ठावं हाय मला. बसवायला आला तवा मला पन बोलला. मी बोललो, मधूचा माप हाय, मधू चुकत नाय."

"मग चार दिवस त्याला शिव्या का देतोस?"

"तुला देऊ? त्याला चालतात, तो हसतो. तुला दिल्या तर तू आठ दिवस जेवायचा नाय. मग तुज्या बायकोचं टेन्शन, तुज्या वयनीचं टेन्शन." मग हात पुढे करून म्हणाला, "रेघ वड. डाग सरकला ना?"

मी रेघ ओढली. ती सरळ आली.

पुढच्या रविवारी रफिककडे गेलो आणि त्यालाही सांगितलं. त्याने वेल्डिंगचा मास्क वर करून पाहिलं. "छोडो काका. आता कितीचा करायचा ते बोला." मी म्हणालो, या वेळी मी एकटा बोलणार नाही. डॉक्टर मॅडमना घेऊन आलो. त्यांनी खोड्यात स्वतः उभं राहून हात फैलावले. "सैल जागेत वासरू जास्त घाबरतं," त्या म्हणाल्या. "दोन्ही बाजूंनी अंगाला काही टेकलं की गप उभं राहतं. तान्ह्या बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळतो ना आपण, तसंच." मग त्यांनी रफिकला दाखवत सगळं सांगितलं. एक बाजू सरकती फळी, दांडा ओढला की आत येणारी, खिटी लावली की थांबणारी. पाइपांच्या मधल्या फटी पत्र्याने बंद, म्हणजे पाय बाहेर येणार नाही आणि बाहेरची माणसं दिसून वासरू बुजणार नाही. खाली रबरी चटई. मानेच्या दांड्यांना रबराची नळी. मागे आडवी दांडी, म्हणजे आत शिरलेलं वासरू मागे येणार नाही. आणि आत माणूस शिरावा अशी जागाच कुठे नको.

दुपटं हा शब्द मला बरेच दिवस पुरला. आमच्याकडे जीव लावणं म्हणजे सैल देणं. जास्त कापड, जास्त भात, वाढायला जागा. वडिलांनीही गणवेश जिवापाड विचार करूनच आणला असणार. पण त्या ढगळ चड्डीत पळताना मी किती वेळा पडलो, ते आता आठवतं. आजच्या अंगाला आजचं माप लागतं, ही साधी गोष्ट कळायला मला दादाचा हात लागला.

यंदा निरोप येण्याआधीच दोन आठवडे दादाने एक काम सुरू केलं होतं. रोज सकाळी एकेक वासरू खोड्यातून नुसतं चालवायचं. पुढच्या टोकाला घमेल्यात मूठभर डाळीची चुरी. पहिले दोन दिवस वासरं दारातच अडली. आठव्या दिवशी टिकली सोडून सगळी रांगेत उभी राहायला लागली. तो मला म्हणायचा, हे म्हाताऱ्यांचं यंत्र हाय. आणि माझी पाठ फिरली की खिटीला तेल घालायचा.

तरी मंगळवारची मला भीती होती, आणि ती लोखंडाची नव्हती. दादाच्या पायांची होती. चाळीस वर्षं वासरू ओरडलं की ते पाय आत गेले आहेत. डोक्याला सांगता येतं. पायांना कसं सांगणार? वहीत मी यंदा एक नवा रकाना आखला: वासराचं नाव, वजन, फळीचं माप, लस, बिल्ला, आणि शेवटी 'दादा'.

मंगळवारी आठ वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर मॅडम आल्या. पहिलं वासरू चुरीच्या वासाने आत गेलं. दादाने बाहेरून दांडा ओढला, फळी पंधरा इंचांवर टेकली, खिटी पडली. वासराने एकदा अंग ढकलून पाहिलं. मग नाकातून लांब श्वास सोडला आणि उभं राहिलं. सुई, बिल्ला, दार. एक मिनिट दहा सेकंद. दुसरं, तिसरं, चौथं. दावणीच्या गाई रवंथ करत होत्या. वरून काकूंचा आवाज आला, "काय हो, आज टोचणी नाही का? इतकं शांत कसं?"

"चालू हाय," वहिनी म्हणाल्या. त्या ओट्यावर उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरून. त्यांचं लक्ष वासरांकडे नव्हतंच.

सात वासरं झाली. आठवी टिकली. वर्षभरात ती दोनशे दहा किलोंची झाली होती. तिच्यासाठी फळी पूर्ण मागे घ्यावी लागली, बावीसपर्यंत. माझा चुकलेला आकडा तिच्या अंगाला आता बरोबर बसत होता. पण पंधरा दिवसांत ती एकदाही आत गेली नव्हती, आणि आजही दारासमोर चार पाय रोवून उभी राहिली. मदतनिसाने मागून हाकारलं. तिने मान टाकली आणि ओरडली. तेच ओरडणं.

माझ्या शेजारी उभा असलेला दादा हलला. मी पाहिलं. त्याचा उजवा पाय टिकलीच्या बाजूने खोड्याच्या उंबऱ्यावरून आत पडला, हात पुढे. ओट्यावरून वहिनी फक्त "अहो" म्हणाल्या, मोठ्याने नाही.

दादा तसाच उभा राहिला, एक पाय आत, एक बाहेर. त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. मग पाय मागे घेतला, खोड्याला पूर्ण वळसा घालून पुढच्या टोकाला गेला, घमेलं उचललं आणि हलवलं. "ये टिकले. ये गो माजे. काय नाय, ये." बराच वेळ गेला. डॉक्टर मॅडम घाई न करता सिरिंज धरून उभ्या होत्या. टिकलीने एक पाय चटईवर ठेवला, हुंगलं, दुसरा ठेवला. मागची दांडी पडली. तिने तोंड घमेल्यात घातलं, आणि दादाने बाहेरून, पाइपाच्या वरून, तिच्या कपाळावरचा ठिपका खाजवला.

सगळे गेल्यावर मी ओट्यावर बसून वही पुरी केली. दादा चहा घेऊन शेजारी टेकला आणि वाकून बघू लागला. चष्मा नव्हता, म्हणून बोट फिरवत गेला, वाकडं बोट, शेवटच्या रकान्यावरून वरून खाली. सात ओळींत एकच शब्द होता: बाहेर.

"आन् हा आठवा? लांब लिवलाय."

मी वाचून दाखवलं. एक पाय आत, मग बाहेर.

"बाहेर लिवला असतास तरी चालला असता," दादा म्हणाला.

"नसता चालला," मी म्हणालो, आणि त्याने कप खाली ठेवून उजवा हात माझ्यासमोर धरला, नेहमीसारखा, तपासायला.